दुधाच्या दातांची कीड आणि ड्रिलशिवाय उपचार : घरातल्या सगळ्यांनी विचारलेले प्रश्न

मी लहान मुलांची दंतवैद्य आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. माझ्याकडे मूल आईसोबत येतं, बऱ्याचदा आजीही येते आणि वडील फोनवर असतात. उपचार एका दाताचा असला तरी निर्णय चार-पाच जणांचा असतो. इंजेक्शन आणि ड्रिल न वापरता कीड थांबवायच्या पद्धती मी जास्त वापरू लागले, तसे घरच्यांचे प्रश्नही वाढले. ते जसे विचारले गेले, जवळपास तसेच इथे लिहिते आहे.

दुधाचेच दात ना? पडणारच आहेत. मग एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय आणि विचारणाऱ्याला मी कधी दोष देत नाही. दुधाचा दात हलला, पडला, कौलावर फेकला की विषय संपला, हेच आपण पाहत आलो.

पण सगळे दुधाचे दात एकाच वयात पडत नाहीत. पुढचे पटाशीचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा, अकरा, कधी बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे चौथ्या वर्षी जी दाढ किडली, तिच्यावर मुलाला अजून सहा-सात वर्षं जेवायचं आहे. चौथीतला मुलगा भाकरी एकाच बाजूने चावतोय, घास गालात धरून बसतोय, रात्री कान दुखतो म्हणून रडतोय आणि घरचे कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेत, असं मी कितीदा पाहिलंय.

शिवाय दुधाच्या दाढेच्या मुळांखाली कायमचा दात तयार होत असतो. वर पू झाला तर खालच्याला इजा होऊ शकते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नंतरचा दात वाकडा येतो.

आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक घरात चुकते. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. तिच्यावर काळी रेघ दिसली तर ‘पडेल आपोआप’ म्हणून थांबू नका.

कीड म्हणजे खरंच आत किडा असतो का?

नाही. तरी हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरलाय की आजीला किडा नाही असं सांगितलं तर ती म्हणते, मी स्वतः बघितलाय. बघितलेलं असतंच. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा पाडून दाखवणारी माणसं पूर्वी गावोगाव फिरायची. धुरी दिल्यावर वाटीतल्या पाण्यात जे पांढरे धागे पडतात, ते तापून फुटलेल्या बियांमधलेच असतात.

प्रत्यक्षात दातावरच्या चिकट थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दातातली खनिजं निघून जातात. दिवसातून कितीदा गोड तोंडात गेलं यावर बरंच अवलंबून असतं. सुरुवातीला फक्त खडूसारखा पांढरा डाग दिसतो, खड्डा त्यानंतर पडतो. ही प्रक्रिया हळू होते, मध्येच थांबते, आणि पांढऱ्या डागाच्या टप्प्यावर तर मागेही फिरू शकते. ड्रिलशिवायचे सगळे उपचार याच एका गोष्टीवर उभे आहेत. ‘किडा आहे’ असं मनात असलं की तो खणून बाहेर काढावासा वाटतो. कीड ही चालू असलेली झीज आहे हे पटलं, की ती थांबवण्याची कल्पना पटायला लागते.

ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. मग तुम्ही करता तरी काय?

दात आणि खड्डा पाहून ठरतं.

खड्डा नसेल, फक्त पांढरे डाग असतील, तर फ्लोराइड वार्निश. ब्रशने लावायचं, मिनिटभराचं काम. दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा. नव्याने आलेल्या कायमच्या दाढेच्या खोल खाचा सीलंटने बुजवतो, म्हणजे त्यात अन्न अडकत नाही.

खड्डा पडलाय पण दुखत नाही, तर एसडीएफ. पूर्ण नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. त्यातली चांदी जंतूंना मारते आणि फ्लोराइड उरलेल्या दाताला कडक करतं. ओठांना व्हॅसलिन लावायचं, दात कापसाने कोरडा करायचा, बारीक ब्रशने थेंब टेकवायचा आणि मिनिटभर थांबायचं. चव कडवट, धातूसारखी असते. मुलं तोंड वाकडं करतात आणि विसरतात. हे औषध जपानमध्ये ओसाका विद्यापीठातल्या संशोधनातून आलं आणि १९७० पासून तिथे वापरात आहे.

दुधाच्या दाढेला दोन दातांच्या मधल्या बाजूने कीड असेल तर हॉल पद्धत. स्कॉटलंडमधल्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावाने ती ओळखली जाते. दात न कोरता, कीड न काढता, मापाची स्टीलची कॅप सिमेंट भरून दाढेवर दाबून बसवायची. आतल्या जंतूंना बाहेरची साखर मिळत नाही आणि कीड तिथेच थांबते. मी शिकत असताना हे ऐकलं, तेव्हा मलाही ते चुकीचं वाटलं होतं. कीड आत ठेवून वरून झाकायची? पण स्कॉटलंडमध्ये १३२ मुलांवर अभ्यास झाला. प्रत्येक मुलाच्या एका दाढेला नेहमीचं फिलिंग आणि दुसऱ्या दाढेला हॉल कॅप दिली होती. पाच वर्षांनी पाहिलं, तर पू होणं, दात काढावा लागणं अशा मोठ्या अडचणी फिलिंगच्या गटात १६.५% आणि कॅपच्या गटात ३% होत्या. त्यातल्या बहुतेक मुलांनी आणि पालकांनीही कॅपच जास्त पसंत केली होती. माझं मत त्या आकड्यांनी बदललं.

आणि चौथी पद्धत म्हणजे एआरटी. हाताच्या बारीक हत्याराने मऊ झालेला भाग खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरायचं. वीज लागत नाही, खुर्ची लागत नाही. ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यात टांझानियात सुरू झाली. अंगणवाडीच्या ओट्यावर, सतरंजीवर मुलाला झोपवून मी ती केली आहे.

एसडीएफने दात काळा होतो म्हणतात. खरं आहे?

खरं आहे. याचं उत्तर मी कधीही गोड करून देत नाही. किडलेला भाग काळा होतो, आणि तो दात पडेपर्यंत किंवा वरून झाकेपर्यंत काळाच राहतो. निरोगी भाग पांढराच राहतो. बहुतेक वेळा किडका भाग आधीच पिवळट-तपकिरी असतो, तो गडद काळा आणि कडक होतो. हा काळा रंग आणि कडकपणा हीच कीड थांबल्याची खूण आहे.

औषध ओठाला किंवा गालाला लागलं तर मेंदीसारखा डाग पडतो, आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. कपड्यावर पडलं तर जात नाही. मुलाला लग्नाला न्यायचा फ्रॉक घालून आणू नका.

डाग पडू नये म्हणून काही करता येत नाही का?

पोटॅशियम आयोडाइड नावाचं दुसरं औषध लगेच वरून लावलं तर रंग सुरुवातीला कमी दिसतो. पण पुढे दात काळवंडतो, म्हणून त्यावर मी फार भरवसा ठेवायला सांगत नाही. जास्त उपयोगी उपाय म्हणजे कीड थांबल्यावर वरून पांढरं सिमेंट भरणं. दाढांमध्ये ते छान झाकतं. पुढच्या दातांत कडेने राखाडी छटा डोकावते. मूल जरा मोठं होऊन खुर्चीत शांत बसू लागलं की पुढच्या दातांना दाताच्या रंगाचं फिलिंग किंवा कॅपही करता येते. म्हणजे काळा रंग ‘पडेपर्यंत’ असेलच असं नाही, ‘मूल तयार होईपर्यंत’ असू शकतो.

मुलगी आहे हो डॉक्टर. पुढचे दात काळे केले तर लोक काय म्हणतील?

या प्रश्नावर मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण इथे मी स्वतः चुकले आहे.

चार वर्षांची मुलगी होती. वरचे चारही पटाशीचे दात किडलेले, रात्री बाटलीने दूध प्यायची. आईला मी सगळं समजावलं, रंगाचंही तोंडी सांगितलं. आईने होकार दिला, सही केली, पाच मिनिटांत काम झालं, मुलगी हसत घरी गेली. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. ‘माझ्या पोरीचे दात काळे करून पाठवलेत तुम्ही.’ मागे आजीचा रडण्याचा आवाज येत होता. आईला त्या रात्री काय ऐकावं लागलं असेल याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो. ते कुटुंब सहा महिन्यांच्या तपासणीला आलंच नाही. ते नंतर आले, तेव्हा एका दाताच्या वर हिरडीवर पुवाची पुळी होती. ठरलेल्या वेळी तपासलं असतं तर कदाचित ती आधीच लक्षात आली असती.

माझी चूक साधी होती. त्या मुलीचा चेहरा रोज बघणारी तीन माणसं होती आणि मी फक्त एकाशी बोलले होते. तेही शब्दांत. ‘काळा’ हा शब्द ऐकून प्रत्येकाच्या मनात वेगळा काळा येतो. तेव्हापासून मी आधीचे आणि नंतरचे फोटो छापून ठेवलेत. ते आईच्या फोनवर पाठवते, घरी सगळ्यांना दाखवा म्हणते. पुढच्या दातांचं असेल आणि दुखत नसेल, तर त्याच दिवशी औषध लावत नाही. आठवड्याने काही बिघडत नाही.

रंगाची काळजी फक्त आपल्याकडचीच आहे असं समजू नका. न्यूयॉर्कमध्ये १२० पालकांना असेच फोटो दाखवून विचारलं होतं, २०१७ साली तो अभ्यास छापून आला. मागच्या दाढांवरचा काळा डाग सुमारे दोन तृतीयांश पालकांना चालत होता. पुढच्या दातांवरचा डाग तिघांपैकी एकालाही धड चालत नव्हता. पण पूर्ण भूल देऊन उपचार करणं हाच दुसरा मार्ग आहे असं कळल्यावर, आधी नको म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी काळा डाग पत्करला. माझ्या दवाखान्यातही हेच दिसतं. प्रश्न ‘काळा की पांढरा’ असा विचारला तर सगळे पांढरा म्हणतात. भूल, दात काढणं, काहीच न करणं, हे सगळं समोर ठेवून विचारलं की उत्तर बदलतं.

मुलगी आणि मुलगा यात घरचे फरक करतात, हेही मोकळेपणाने लिहिते. मुलाचा दात काळा दिसला तर ‘पडेल, येईल नवा’, मुलीचा दिसला तर आत्तापासून पुढची चिंता. चार वर्षांच्या मुलीचे ते दात आठव्या वर्षापर्यंत पडून गेलेले असतील. त्या चार वर्षांत तिला ठणका नसावा, नीट झोप लागावी, एवढंच माझ्या डोळ्यासमोर असतं.

एकदा एका ऐंशीच्या पुढच्या पणजीने माझं काम सोपं केलं. सून आणि नातसून फोटो बघून कुजबुजत होत्या. पणजी म्हणाली, ‘आमच्या सासूबाई दातवण लावून दात काळे करायच्या. सवाष्णीचं लेणं होतं ते.’ नातसुनेने दातवण हा शब्दच पहिल्यांदा ऐकला होता. पुढची दहा मिनिटं मी काहीच बोलले नाही, त्याच बोलत होत्या.

आई तयार आहे, पण आजी-आजोबा किंवा वडील नाही म्हणतात. काय करायचं?

सही आईची किंवा वडिलांची लागते, आजीची नाही. पण दुपारभर मूल आजीजवळ असतं, आणि बिस्किट द्यायचं की नाही, दात घासायचे की नाही हे तीच ठरवते. तिला बाजूला ठेवून केलेला उपचार टिकत नाही. म्हणून मी आजीला आत बोलावते, आरसा तिच्या हातात देते आणि खड्डा तिलाच दाखवते. ‘आजी, इथे बघा, इथून दुखायला लागेल.’ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर आजी बहुतेक वेळा सगळ्यात खंबीर होते.

वडील पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असले तर व्हिडिओ कॉल लावा, मी बोलते. एकट्या आईवर समजावण्याचं ओझं टाकू नका. आणि नाही म्हणणाऱ्याचं कारण विचारा. कुणाला रंग नको असतो, कुणाला औषधाची भीती असते, कुणाला लहानपणी धरून-बांधून काढलेल्या दाढेची आठवण असते. सगळ्यांना एकच उत्तर देऊन चालत नाही.

सगळं कळूनही घरच्यांनी नको म्हटलं तर ते ‘नको’ मी मानते. मग आपण दुसरा मार्ग ठरवू. रागावून येणं बंद करू नका, एवढीच विनंती.

पाच मिनिटांत झालं, काही केल्यासारखं वाटलंच नाही. हा गरिबांसाठीचा स्वस्त उपचार आहे का?

स्वस्त आहे. खरोखर स्वस्त आहे, एका थेंबात चार-पाच दात होतात. पण कमी दर्जाचा म्हणून तो स्वस्त नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एसडीएफला २०१४ मध्ये मान्यता दिली. ती कागदोपत्री दातांच्या सणकेसाठी होती, पण तिथले बालदंतवैद्य किडीसाठी ते वापरू लागले आणि २०१७ मध्ये त्यांच्या संघटनेने तशी मार्गदर्शक सूचनाही काढली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एसडीएफ, ग्लास आयनोमर सिमेंट आणि फ्लोराइड टूथपेस्ट या तिन्ही गोष्टी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

आपल्याकडे उपचार म्हणजे सुई टोचली पाहिजे, मशीनचा आवाज झाला पाहिजे, असं मनात बसलंय. तापाला सलाईन लावलं नाही तर डॉक्टर बदलतात, तसंच हे. त्या पाच मिनिटांआधी कुठला दात या उपचाराला योग्य आहे हे ठरवण्यात खरी मेहनत असते.

चांदी आणि फ्लोराइड पोटात जाऊन अपाय होणार नाही का? आमच्याकडे तर फ्लोराइडवाल्या पाण्याने दात खराब झालेले लोक आहेत.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांतून आलेली माणसं हा प्रश्न विचारतात. त्यांचं भय पाहिलेल्या गोष्टीतून आलेलं आहे. तिथे बोअरच्या पाण्यातून वर्षानुवर्षं, रोज, प्रत्येक घोटाला जास्त फ्लोराइड पोटात गेलं, तेही दात आणि हाडं घडत असताना.

आकडे शेजारी ठेवून बघा. पिण्याच्या पाण्यासाठी आपलं मानक लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर १.५ पर्यंत चालतं. एसडीएफच्या एका थेंबात साधारण १.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. म्हणजे एक थेंब हा चालण्याजोग्या एक लिटर पाण्याएवढा. तोही वर्षातून दोनदा, आणि बराचसा दातावरच राहतो. तुमच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर मला जरूर सांगा. त्या मुलाच्या टूथपेस्टचा आणि वार्निशचा विचार मी त्याप्रमाणे करते.

ही चांदी म्हणजे पूर्वी दाढेत ‘चांदी भरायचे’ ती नव्हे. त्या फिलिंगमध्ये पारा असायचा, यात पारा नाही. चांदीची ॲलर्जी असेल किंवा तोंडात मोठे छाले आले असतील तर मात्र हे औषध लावत नाहीत.

एकदा लावलं की कीड कायमची थांबते?

नाही, आणि हे आधीच कळलेलं बरं. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर ३८% तीव्रतेच्या एसडीएफने दुधाच्या दातांतली सुमारे ८०% कीड थांबते. म्हणजे पाचांपैकी एक थांबत नाही. वर्षातून एकदा लावण्यापेक्षा दर सहा महिन्यांनी लावलं तर जास्त फायदा होतो. ज्या खड्ड्यापर्यंत ब्रश पोचतो तिथे चांगला परिणाम दिसतो, दोन दाढांच्या मधल्या फटीत कमी.

खड्डाही भरून येत नाही, तो कडक होऊन तसाच राहतो. त्यात पोहे अडकणार, शेंगदाणे अडकणार. अडकलेलं काढायचं काम घरच्यांचं.

ब्रिटनमध्ये ११४४ लहान मुलांवर एक मोठी चाचणी झाली, २०२० साली निकाल आले. एका गटाला ड्रिल करून फिलिंग, दुसऱ्याला कीड आत बंद करण्याची पद्धत, तिसऱ्याला फक्त काळजी आणि फ्लोराइड. तिन्ही गटांत पाचांपैकी सुमारे दोन मुलांना पुढच्या काही वर्षांत कधी ना कधी दुखलं किंवा पू झाला. ठळक फरक निघाला नाही. मी या निकालाकडे दोन्ही बाजूंनी बघते. ड्रिल केलं म्हणजे मूल सुटलं असं नाही, आणि माझ्या आवडत्या पद्धतींनीही सगळं सुटत नाही. एकदा किडलेल्या तोंडावर लक्ष ठेवावंच लागतं.

मग पूर्ण भूल देऊन सगळे दात एकाच दिवशी का करू नयेत?

काही मुलांना तेच योग्य असतं. दहा-बारा दात किडलेत, दोन-तीन ठिकाणी पू आहे, मूल अडीच वर्षांचं आहे किंवा त्याला काही विशेष अडचण आहे, तर सुसज्ज रुग्णालयात भूलतज्ज्ञांसोबत ते करतात आणि ते सुरक्षितपणे होतं. पण खर्च मोठा, शहरात जावं लागतं, आणि घरी सवयी तशाच राहिल्या तर वर्षभरात नवे खड्डे दिसतात. कधी कधी एसडीएफ हे पूल म्हणून वापरतो : आज कीड थांबवायची, मूल पाच-सहा वर्षांचं होऊन समजूतदार झालं की जागेपणी बाकीचं काम करायचं.

स्टीलची कॅप बसवल्यावर मुलाचे दात नीट मिटत नाहीत. बिघडलं का काही?

नाही. कॅपमुळे चावा थोडा उंच होतो. काही आठवड्यांत तो आपोआप बसतो. दोन दिवस मऊ भात, खिचडी द्या. दात पडायच्या वेळी कॅपसकट पडतो.

मुलांना ही कॅप आवडते, हे सांगायला हवं. ‘माझ्याकडे लोखंडी दात आहे’ म्हणून वर्गात दाखवणारी मुलं मी पाहिली आहेत. संकोच मोठ्यांना वाटतो.

कोणत्या दाताला हे उपचार चालत नाहीत?

रात्री झोपेतून उठवणारा ठणका, गालाला सूज, हिरडीवर पुवाची पुळी, दात हलणं, तापासोबत तोंड न उघडणं. यातलं काही असेल तर एसडीएफ आणि हॉल कॅप दोन्ही बाद. कीड दाताच्या आतल्या नसेला पोचलेली असते. मग नसेचा उपचार किंवा दात काढणं हाच मार्ग. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, तर दवाखाना उघडायची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा.

‘वरचा दात काढला तर नजर जाते’ म्हणून काही आजी अडून बसतात. दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत, नजर जात नाही. पुवाचा दात तसाच ठेवणं मात्र डोळ्याला खरंच धोक्याचं ठरू शकतं.

लवंगेचं तेल लावलं तर?

मोठ्यांना तात्पुरता आराम पडतो, कीड थांबत नाही. लहान मुलांच्या हिरडीला भाजतं. मुलांना लावू नका. मशेरीचं बोट तर अजिबात नाही. हे लिहावं लागतंय कारण दुखऱ्या दाताला मशेरी लावलेलं मूल माझ्याकडे आलंय.

आमचं मूल डॉक्टर बघितलं तरी रडतं. धरून ठेवू का?

घरी ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई देतील’ असं म्हणत असाल तर आजपासून थांबवा. त्या एका वाक्यामुळे माझी पहिली दोन भेटींची मेहनत वाया जाते. पहिल्या दिवशी मी काहीच करत नाही, खुर्ची वर-खाली करून दाखवते, दात मोजते. दुसऱ्या दिवशी बाहुलीला ब्रश लावतो. तीन वर्षांखालची मुलं आईच्या मांडीवरच झोपतात, डोकं माझ्या मांडीवर. थोडं रडतात. रडताना तोंड उघडं असतं, आणि एसडीएफला एक मिनिट पुरतं. पण चार जणांनी हातपाय दाबून तासभर केलेलं काम ते मूल पुढे कित्येक वर्षं विसरत नाही. चाळिशीतले बाबा माझ्या खुर्चीजवळ यायला घाबरतात, ते अशाच आठवणीमुळे.

घरी काय करायचं?

रात्री शेवटी दूध, मग दात, मग झोप. दात घासल्यावर दूध नाही. बाटली तोंडात ठेवून झोपवणं बंद, आणि ही सवय सगळ्यात अवघड सुटते हे मला माहीत आहे. रोज बाटलीत थोडं पाणी वाढवत गेलं की दोन-तीन आठवड्यांत जमतं.

सात-आठ वर्षांचं होईपर्यंत दात मोठ्यांनी घासून द्यायचे. टूथपेस्टच्या ट्यूबवर १००० पीपीएम फ्लोराइड लिहिलेलं बघून घ्या. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते कमी असतं किंवा नसतंच. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. थुंकू द्या, पण पाण्याने खळखळून चूळ भरायला लावू नका.

लाडू, गूळ, चॉकलेट जेवणासोबत खाऊ द्या. दिवसभर थोडं थोडं चघळणं हे खरं नुकसान करतं. चहात बुडवलेलं बिस्किट हे ‘गोड’ मध्ये धरलं जात नाही आपल्या घरात. धरायला हवं.

शाळेत काळ्या दाताला चिडवलं तर?

वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवा. ‘औषध लावलंय, दात बरा होतोय’ एवढं पुरतं. मुलाला एक वाक्य शिकवा : ‘माझा दात आता दुखत नाही.’ घरात पाहुण्यांसमोर त्याला तोंड मिटायला सांगू नका. मुलं ते लगेच टिपतात आणि हसताना हात तोंडावर ठेवायला लागतात. माझ्याकडे अशी एक मुलगी आली होती. शाळेत तिला कुणीच चिडवलं नव्हतं.

हे कुठे मिळेल? आमच्या गावात लहान मुलांचे दंतवैद्य नाहीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीड आहे. पथकाने चिठ्ठी दिली तर ती बाजूला ठेवू नका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. गावातल्या नेहमीच्या दंतवैद्यांनाही विचारा, एसडीएफ लावायला वेगळ्या यंत्रांची गरज नसते.

एसडीएफ लावून चार महिने झाले. काळा भाग पुन्हा तपकिरी आणि मऊ दिसतोय. वाट बघू का?

नको. काळा, चकचकीत आणि कडक म्हणजे थांबलेली कीड. तपकिरी, ओलसर, मऊ म्हणजे पुन्हा सुरू झालेली. मोबाइलच्या उजेडात फोटो काढा, शक्य असेल तर त्याच आठवड्यात दाखवायला या. पुन्हा थेंब लावू किंवा सिमेंट भरू. येताना आजीला घेऊन या. दुपारी मुलाच्या तोंडात काय काय जातं, हे तिच्याकडूनच कळतं.